ब्लॉकेज दिसण्याच्या कितीतरी आधी : रक्तवाहिन्यांच्या अस्तराविषयी

नेरूळवासी

हृदयविकाराची चर्चा आपल्याकडे बघता बघता टक्क्यांवर येते. एखाद्याची अ‍ॅन्जिओग्राफी झाली, की सोसायटीच्या बाकावर काय किंवा लोकलच्या डब्यात काय, पहिला प्रश्न 'किती टक्के निघालं?' हाच असतो. सत्तर टक्के म्हटले की ऐकणारे गंभीर होतात, तीस टक्के म्हटले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. या प्रश्नामागे एक चित्र आहे : रक्तवाहिनी म्हणजे नळ, कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचणारा गाळ आणि स्टेंट म्हणजे तो नळ मोकळा करण्याची सोय. मी अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवले, आणि हे चित्र विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढणे फार चिवट काम असते. नळ निर्जीव असतो. रक्तवाहिनी जिवंत असते आणि तिचा सर्वांत जागरूक भाग म्हणजे रक्ताला प्रत्यक्ष टेकलेले आतले अस्तर. हृदयविकाराची सुरुवात बहुतेक वेळा त्या अस्तराच्या बिघाडातून होते, टक्के त्यानंतर कित्येक वर्षांनी येतात, आणि मधल्या वर्षांत आपल्या हातात पुष्कळ काही असते. तेवढे सांगण्यासाठी हा धागा काढत आहे.

या अस्तराला एन्डोथेलियम म्हणतात. त्याची जाडी अवघ्या एका पेशीची. हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीपासून ते बोटाच्या टोकातल्या केशवाहिनीपर्यंत ते अखंड पसरलेले असते. केशवाहिनीची भिंत तर जवळजवळ या एकाच थराची बनलेली असते. रक्तातून कोणता पदार्थ ऊतींकडे जाऊ द्यायचा आणि कोणता अडवायचा, हे ते ठरवते. रक्त वाहते राहावे म्हणून प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देणारी द्रव्ये ते सतत स्रवत असते, आणि जखम झाली तर रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाचा साठाही त्याच पेशींच्या आत तयार असतो. रक्तप्रवाहाचे घर्षण त्याला जाणवते. आपण जिना चढू लागलो, प्रवाह वाढला, की ते खालच्या अनैच्छिक स्नायूंना सैल होण्याचा संदेश देते आणि धमनी रुंदावते. उलट, धमनी आकसवणारे द्रव्यही त्याच्याकडे आहे. एन्डोथेलिन नावाचे ते द्रव्य जपानी संशोधकांनी १९८८ साली वेगळे करून दाखवले.

हा संदेश कसा दिला जातो, हे उमगले त्याची हकिगत मला विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण विज्ञानात किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीकडे किती बारकाईने पाहावे लागते हे तीत दिसते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट हे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या द्रावणात टांगून त्यांचे आकुंचन मोजत असत. अ‍ॅसिटिलकोलिन हे द्रव्य जिवंत प्राण्याला टोचले तर रक्तवाहिन्या रुंदावतात, पण फर्चगॉट यांच्या पट्ट्या त्याच द्रव्याने आकसत. ही विसंगती त्यांना कित्येक वर्षे छळत होती. १९७८ साली त्यांच्या प्रयोगशाळेत धमनीचा तुकडा अशा रीतीने कापला गेला, की त्याची आतली बाजू कशालाही घासली गेली नाही, आणि तो तुकडा आकसण्याऐवजी सैल झाला. म्हणजे इतकी वर्षे पट्ट्या कापताना आतले नाजूक अस्तर खरवडून निघत होते आणि ते निघाले की द्रव्याचा परिणामच उलटत होता. मग फर्चगॉट यांनी अस्तर शाबूत असलेली एक पट्टी आणि अस्तर काढलेली दुसरी पट्टी एकमेकींना आतल्या बाजूने चिकटवून टांगली. अस्तर नसलेली पट्टीही सैल झाली! शेजारच्या अस्तरातून काहीतरी झिरपत तिच्यापर्यंत पोहोचले होते. हे काम त्यांनी व जॉन झवाड्झ्की यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. झिरपणारे ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे १९८६-८७ च्या सुमारास स्पष्ट झाले. तो शरीरात काही सेकंदच टिकतो, त्यामुळे अस्तराला तो अखंड तयार करत राहावे लागते.

छातीत दुखल्यावर दिले जाणारे नायट्रोग्लिसरीन शरीरात हाच वायू सोडते, हे फेरिद मुराद यांनी १९७७ सालीच दाखवले होते. फर्चगॉट, मुराद आणि लुई इग्नॅरो यांना १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल मिळाले. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार त्या आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीनपासूनच डायनामाइट बनवले होते, आणि अखेरच्या काळात त्यांच्या हृदयविकारावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले होते.

आता बिघाडाकडे येऊ. वाढलेला रक्तदाब, रक्तातली जास्तीची साखर, एलडीएल ('वाईट') कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दूषित हवा या सगळ्यांमुळे अस्तराच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड कमी पडू लागते. जे तयार होते तेही लवकर नष्ट होते. अशा पेशींच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उगवतात. एरवी रक्तासोबत सरळ पुढे जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे रेंगाळतात, लोळतात, चिकटतात आणि दोन पेशींच्या फटीतून भिंतीत शिरतात. एलडीएलचे कण आधीच आत शिरून अडकलेले असतात आणि ऑक्सिडीकरणाने बदललेले असतात. पांढऱ्या पेशी ते गिळत राहतात आणि मेदाने फुगून तिथेच साचतात. हा साठा वाहिनीच्या पोकळीत नसतो, भिंतीच्या आत असतो, अस्तराच्या खाली! पुढे त्यावर तंतूंचे आवरण तयार होते. हे आवरण फाटले, किंवा त्यावरचे अस्तर झिजून गेले, की रक्त उघड्या भागाला लागते, गुठळी होते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडू शकते. हृदयविकाराचे कितीतरी झटके अशा जागी येतात, जिथे आदल्या दिवशी अ‍ॅन्जिओग्राफी केली असती तर अडथळा फारसा दिसला नसता.

मेदाचे थर वाटेल तिथे बसत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ते मुख्यतः धमनीला फाटा फुटतो तिथे बसतात, विशेषतः मानेतल्या धमनीच्या दुभागणीवर. सरळ भागात प्रवाह एका लयीत जातो आणि ते घर्षण अस्तराला निरोगी ठेवते, तर फाट्यापाशी प्रवाह घुटमळतो आणि तिथले अस्तर त्या लाभाला मुकते. रक्तातले कोलेस्टेरॉल सगळीकडे सारखेच असूनही रोग ठरावीक जागाच धरतो, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे.

हे सगळे साठीत सुरू होत नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय बावीसच्या आसपास, आणि ३०० पैकी सुमारे ७७ टक्के तरुणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. आपल्या भागात पहिला झटका पाश्चात्य देशांच्या तुलनेत लवकर येतो. म्हणून हा विषय तिशी-पस्तिशीतल्या वाचकांनी आपला समजावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मासुंदा

लेख अत्यंत उपयुक्त आहे. आमच्या घरातला प्रश्न विचारते. माझी आई चौसष्ट वर्षांची आहे आणि आम्ही नौपाड्यात राहतो. गोखले रोडवरून सामान घेऊन येताना तिच्या छातीवर दाब येतो, थांबले की कमी होतो. अ‍ॅन्जिओग्राफी केली, मोठ्या धमन्यांत काही नाही. एका रुग्णालयात आम्हाला सांगण्यात आले, की हे गॅसेस आणि मनाचे आहे. दाब मात्र अजूनही येतो. अस्तराचा बिघाड असेल तर तो अ‍ॅन्जिओग्राफीत दिसतो का?

ठाण्यातला फिजिशियन

मासुंदाताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांतल्या बऱ्याच स्त्रिया असतात. अ‍ॅन्जिओग्राफीत रंगद्रव्य भरलेली पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या तर दिसतच नाहीत. हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचवण्याचे बरेचसे नियंत्रण याच बारीक वाहिन्यांकडे असते. त्यांचे अस्तर नीट चालत नसेल तर चालताना, चढताना त्या पुरेशा रुंदावत नाहीत आणि छातीवर खराखुरा दाब येतो. याला सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार म्हणतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होते. ते अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करत असते, त्यामुळे या वयात स्त्रियांना हा त्रास अधिक जाणवतो.

निश्चित निदानासाठी कॅथलॅबमध्ये हृदयाच्या धमनीत अ‍ॅसिटिलकोलिन सोडून वाहिनी रुंदावते की आकसते हे पाहतात. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या सशाच्या पट्टीचाच हा माणसातला प्रयोग. १९८६ साली अमेरिकेत प्रथम दाखवले गेले, की रोगट धमनी या द्रव्याने रुंदावण्याऐवजी आकसते. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण ती झाली नाही म्हणून उपचार अडत नाहीत. रक्तदाब, साखर, एलडीएल काटेकोर आणणे आणि दुखण्यावर योग्य गोळ्या देणे शक्य असते. तुमच्या आईचा त्रास खरा आहे असे धरून चाला, सर्व कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घ्या आणि त्यांना 'श्रमाने येतो, थांबल्यावर जातो' हे शब्द जसेच्या तसे सांगा. निदानाला या वर्णनाची फार मदत होते.

मासुंदा

मनःपूर्वक आभार. आईला हे वाचून दाखवले. आपल्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवला, एवढ्यानेच तिला बरे वाटले. याच आठवड्यात दुसरे मत घेत आहोत.

रात्रपाळी

मी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळीत काम करतो, वय चौतीस. नऊ तास खुर्चीत, मधे दोनदा खाली टपरीवर चहा आणि सिगारेट. वडिलांना पन्नाशीत झटका आला होता. अस्तर किती बिघडले आहे हे मोजणारी एखादी तपासणी आहे का? मोबाइलवर 'व्हॅस्क्युलर एज' म्हणजे रक्तवाहिन्यांचे वय सांगणाऱ्या पॅकेजच्या जाहिराती सारख्या येतात.

नेरूळवासी

तपासणी आहे आणि ती कल्पक आहे. लंडनमध्ये डेव्हिड सेलरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९२ साली मांडली. दंडातल्या धमनीची रुंदी सोनोग्राफीने मोजतात. मग हाताला बीपीचा पट्टा बांधून तो सुमारे पाच मिनिटे फुगवून ठेवतात, म्हणजे हातातला प्रवाह थांबतो. पट्टा सोडला की रक्त वेगाने धावते आणि घर्षण एकदम वाढते. अस्तर निरोगी असेल तर मिनिटभरात धमनी काही टक्क्यांनी रुंदावते; बिघडलेले असेल तर फारसा फरक पडत नाही. त्या अभ्यासात सिगारेट ओढणारे होते आणि आनुवंशिक कोलेस्टेरॉलची मुलेही होती. या दोन्ही गटांत कोणालाही हृदयाची तक्रार नव्हती, तरी त्यांच्या धमन्या नीट रुंदावत नव्हत्या.

पण ही पद्धत संशोधनासाठी उत्तम असली तरी एका माणसाच्या निदानासाठी फारशी भरवशाची नाही. फरक मिलिमीटरच्या अंशांचा असतो, आणि मोजणाऱ्याचा हात, खोलीचे तापमान, नुकताच घेतलेला चहा अशा गोष्टींनी आकडा हलतो. म्हणून पॅकेजवर पैसे खर्च करू नयेत. तुमच्यासाठी रक्तदाब, उपाशीपोटी लिपिड तपासणी, एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) या साध्या तपासण्या जास्त मोलाच्या आहेत. मधुमेह किंवा रक्तदाब निघाला तर लघवीतले अल्ब्युमिनही तपासावे. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांचे अस्तर झिरपू लागले की हे प्रथिन लघवीत उतरते, आणि ते अनेकदा सर्वांगातल्या अस्तराची बातमी देत असते. ही तपासणी स्वस्त आहे आणि आपल्याकडे ती फार कमी वेळा लिहून दिली जाते, याचे मला वाईट वाटते.

आता खुर्चीविषयी. सलग तीन तास बसवून ठेवलेल्या निरोगी तरुणांच्या पायातल्या धमन्यांचे रुंदावणे घटते आणि दर तासाला पाच मिनिटे सावकाश चालले तर ते घटत नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले. चालणे अगदी संथ होते, घाम येईल असे नव्हे! रात्री कॉल सुरू असतानाही उभे राहून मजल्यावर एक फेरी मारता येते. आणि सिगारेट थांबवावी. 'कमी करतो' असे म्हणू नका. दिवसाला एक-दोन ओढल्या तरी हृदयाचा धोका बराच वाढतो, तो सिगारेटच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही.

घोडबंदरकर

धूर ओढण्याविषयी लिहिलेत, पण आम्ही न ओढता धूर घेतो त्याचे काय? आमची इमारत घोडबंदर रोडला लागून आहे. रात्री अवजड वाहने सुरू झाली की खिडकीच्या गजांवर काळा थर बसतो. मी पहाटे सर्व्हिस रोडनेच चालतो, कारण जवळ दुसरी जागा नाही.

ठाण्यातला फिजिशियन

हवेतले अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथे दाह निर्माण होतो आणि त्याचा परिणाम रक्तावाटे अस्तरापर्यंत पोहोचतो. काही अतिसूक्ष्म कण थेट रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम केली. आपल्या देशाचे मानक ४० आहे. या दोन आकड्यांतले अंतर आपल्या धमन्यांना भरून काढावे लागते, हे मी डॉक्टर म्हणून फार गांभीर्याने सांगतो.

चालणे मात्र सोडू नका. जागा आणि वेळ बदला. हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत अडकून राहते आणि कण साचतात, त्यामुळे ऊन वर आल्यावर निघालेले चांगले. रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत गेले तरी वाहनांचा धूर बराच कमी होतो. सोसायटीच्या मागच्या बाजूला फेऱ्या माराव्यात. सुट्टीच्या दिवशी उपवन किंवा येऊरच्या पायथ्याशी जावे.

वर्तकनगर

मी जिमला जातो. तिथले प्रशिक्षक 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी' एल-आर्जिनिनची पावडर घ्यायला सांगतात. शरीर आर्जिनिनपासूनच हा वायू बनवते असे वाचले. मग ती घेतल्याने अस्तर सुधारायला हवे. माझ्या काकांनाही, म्हणजे ज्यांची अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली आहे त्यांना, ती द्यावी का?

नेरूळवासी

काकांना ती पावडर कृपा करून देऊ नका. तर्क बरोबर आहे. शरीर खरोखरच आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. हाच तर्क अमेरिकेत तपासून पाहिला गेला. हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना एल-आर्जिनिन आणि निम्म्यांना निष्क्रिय भुकटी देण्यात आली. २००६ साली निष्कर्ष आले : हृदयाला कोणताही लाभ दिसला नाही, आणि आर्जिनिन घेणाऱ्यांतले ६ रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले एकही नाही. चाचणी तिथेच थांबवावी लागली. आजारी अस्तरात कच्चा माल कमी पडलेला नसतो. बिघाड असतो तो वायू बनवणाऱ्या यंत्रणेत, आणि ती बिघडलेली असताना घातक ऑक्सिडीकारक द्रव्ये बनवू लागते. शरीराच्या कामकाजाचा अर्धा भाग कळला की उपाय सुचतो आणि तोच अर्धा भाग कधी कधी जिवावर बेततो, म्हणून मला ही चाचणी फार महत्त्वाची वाटते.

नायट्रिक ऑक्साइडला दुसरी वाट आहे आणि ती आपल्या ताटातून जाते. बीट, मुळा, पालक, राजगिऱ्याची पाने यांत नायट्रेट भरपूर असते. ते पोटात शोषले जाते, लाळेवाटे पुन्हा तोंडात येते, जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि पुढे शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड मिळवते. बिटाच्या रसाने काही तासांपुरता रक्तदाब उतरतो, तो याच मार्गाने. म्हणूनच जंतुनाशक माउथवॉश उगाच रोज वापरू नये. ते जिवाणू मेले की ही साखळी तुटते आणि रक्तदाब किंचित चढल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

तुर्भेकर

आमचा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पालेभाजीचा व्यवसाय आहे, म्हणून एक भर घालतो. पालेभाजी आदल्या रात्री चिरून ठेवू नये, चिरल्यावर धुऊ नये आणि शिजवलेले पाणी ओतून देऊ नये. नायट्रेट पाण्यात उतरते असे कोणी सांगितले नव्हते, पण सत्त्व पाण्यात जाते हे आमच्या घरातल्या बायका पूर्वीपासून सांगतात.

ठाण्यातला फिजिशियन

तुर्भेकरांचे म्हणणे रास्त आहे, नायट्रेट पाण्यात विरघळते. दोन सूचना जोडतो. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक आणि बीट बेताने घ्यावे. जे वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये आणि एकाएकी बंदही करू नये; तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे या गोळ्यांचा परिणाम बदलतो.

मासुंदा

तोंडाचा विषय निघाला म्हणून विचारते. माझी आजी आणि गावाकडच्या बऱ्याच बायका सकाळी मशेरी लावतात. धूर नाही, ओढणे नाही, त्यामुळे ते व्यसन आहे असे त्यांना वाटतच नाही. आईनेही अनेक वर्षे लावली आहे.

ठाण्यातला फिजिशियन

हा मुद्दा आणल्याबद्दल आभार. रुग्णाला 'तंबाखू घेता का?' असे विचारले तर उत्तर 'नाही' असे येते. 'मशेरी लावता का?' असे विचारले तर 'हो, रोज दोनदा' असे येते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांवाटे निकोटीन रक्तात जाते, रक्तदाब आणि नाडी वाढते, आणि तोंडाने घेतलेल्या तंबाखूनेही धमनीचे रुंदावणे कमी होते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरोघरी भाजली जाते, तिथे कायदा पोहोचत नाही. तिथे लेकींनी आणि सुनांनीच बोलायला हवे.

हिरड्यांविषयीही सांगतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हिरड्यांचा तीव्र विकार असलेल्या १२० जणांपैकी काहींवर सखोल उपचार केले गेले. उपचाराच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे अस्तर आधीपेक्षा वाईट चालत होते, सहा महिन्यांनी मात्र ते दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारले होते. हिरड्यांतला दाह धमन्यांपर्यंत पोहोचतो, याचा हा चांगला पुरावा आहे.

पारसिक

धागा वाचनीय आहे, परंतु एक आक्षेप नोंदवतो. तंबाखू सोडा, चाला, भाज्या खा, बीपी-शुगर ताब्यात ठेवा, हे सर्व आम्ही आधीपासून ऐकत आलो आहोत. अस्तराचे शास्त्र समजून घेतल्याने सल्ल्यात नेमका कोणता फरक पडला?

नेरूळवासी

आक्षेप योग्य आहे. सल्ल्याची यादी तीच राहते, हे मान्य. बदलतो तो काळाचा हिशेब. नळ आणि गाळ असे मानले, की आज चालून काय होणार, साचलेले थोडेच निघणार आहे, असे वाटते आणि माणूस हातपाय गाळतो. अस्तर मात्र तासांच्या आणि आठवड्यांच्या भाषेत उत्तर देते. चरबीने भरलेल्या एका जेवणानंतर काही तास धमनीचे रुंदावणे घटते, हे १९९७ साली दाखवले गेले. सुधारणाही तितकीच तत्पर असते. जर्मनीतल्या लाइपझिग येथे हृदयधमनीचा रोग असलेल्या रुग्णांना चार आठवडे रोज व्यायाम करायला लावला आणि त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत अ‍ॅसिटिलकोलिन सोडून आधी आणि नंतर मोजले. व्यायामानंतर धमन्यांचे उलटे आकसणे जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांचा मेदाचा थर चार आठवड्यांत नाहीसा झाला नव्हता, अ‍ॅन्जिओग्राफीचे टक्के तेच राहिले असतील, पण त्या थरावरचे अस्तर पुन्हा काम करू लागले होते. चालताना प्रवाह वाढतो, घर्षण वाढते, आणि त्या घर्षणाने नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर (एन्झाइम) अधिक प्रमाणात तयार होते. वजन एक किलोनेही घटले नाही तरी हा लाभ होतो. 'इतके दिवस चाललो, वजन हलेना, म्हणून सोडले' असे म्हणणारे मला पाम बीच रोडवर नेहमी भेटतात, आणि त्यांना हे सांगता यावे म्हणूनच मला हे शास्त्र मोलाचे वाटते.

पारसिक

हे उत्तर पटले. वजनाचा आणि अस्तराचा हिशेब वेगळा असतो, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

कोपरीकर

माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. एलडीएल आता ६२ आहे. रिपोर्ट नॉर्मल आल्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे म्हणजे त्यांच्या खिशात सॉर्बिट्रेट ही छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी असते, पण ती नेमकी कशी आणि केव्हा घ्यायची हे घरात कोणालाही नीट माहीत नाही.

ठाण्यातला फिजिशियन

६२ हा आकडा गोळीमुळे आलेला आहे. गोळी थांबवली तर काही आठवड्यांत तो पूर्वपदावर जाईल. शिवाय कोलेस्टेरॉलची ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, एलडीएल कमी करते, तसेच अस्तरातला नायट्रिक ऑक्साइडही वाढवते आणि मेदाच्या थरावरचे आवरण घट्ट करते. स्टेंटने एक जागा उघडली आहे, उरलेल्या धमन्यांचे अस्तर तेच आहे. गोळी सोडण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशिवाय घेऊ नये.

सॉर्बिट्रेट अस्तराला वळसा घालून नायट्रिक ऑक्साइड थेट स्नायूंपर्यंत पोहोचवते, म्हणून अस्तर आजारी असले तरी ती काम करते. छातीत दुखू लागले तर वडिलांनी आहे तिथे बसावे आणि मग गोळी जिभेखाली ठेवावी. उभ्याने घेऊ नये, रक्तदाब उतरून चक्कर येते. गोळी गिळू नये. पाच मिनिटांत आराम पडला नाही, किंवा घाम, दम, डाव्या हातात वा जबड्यात कळ असे काही असेल, तर दुसऱ्या गोळीची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. रिक्षा शोधत कोपरीच्या पुलावरच्या गर्दीत अडकू नये. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल ही गोळी चोवीस तासांत किंवा टाडालाफिल अठ्ठेचाळीस तासांत घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेट मुळीच घेऊ नये, कारण दोन्ही एकाच साखळीवर काम करतात आणि रक्तदाब धोकादायक खाली जातो. हे घरात बोलायला संकोच वाटतो, म्हणून वडिलांना एकटे गाठून विचारा. पाकिटावरची मुदत आजच तपासा आणि एक पाकीट त्यांच्या उशाशीही ठेवा.